नारळी पुनवेचा वाढदिवस: जोडवर्गात इंग्रजी महिने शिकवतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका वाडीतल्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत घडले. शाळा, वाडी आणि मुले यांची नावे दिलेली नाहीत. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ मध्ये माझ्याकडे तिसरी आणि चौथीचा जोडवर्ग होता आणि पटावर सतरा मुले होती. वाडीतली निम्मी घरे मासेमारीवर जगतात, उरलेल्या घरांचा आधार आंबा-काजूच्या बागा आणि थोडी भातशेती हा आहे. मुले घरी मालवणी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी वाचतात आणि इंग्रजी त्यांना शाळेबाहेर फारसे ऐकू येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे माझ्या वर्गात आलेल्या मुलांनी इंग्रजी महिन्यांची नावे आधीच दोन-तीन वर्षे म्हटलेली होती.

जुलैच्या सुरुवातीला मी वाढदिवस आणि महिने हा घटक घेतला. चार तासिकांत तो संपेल असा माझा अंदाज होता, आणि त्या अंदाजामागे एक कारण होते. मराठी मुलाला इंग्रजी महिने परके नसतात. जानेवारी, मार्च, जून, ऑगस्ट ही नावे आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. जॅन्युअरी, फेब्रुअरी, एप्रल, जुलाय असे उच्चार थोडे बदलून घेतले आणि स्पेलिंगचा सराव दिला की काम झाले, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात हा घटक दिवाळीच्या सुटीपर्यंत चालला. तो का लांबला आणि वाटेत कोणते निर्णय घ्यावे लागले, हे इथे नोंदवत आहे.

पाठाचा पहिला दिवस

पहिल्या तासिकेला मी फळ्यावर केक, मेणबत्ती, फुगा आणि भेटवस्तू यांची चित्रे काढली, त्यांचे इंग्रजी शब्द दिले आणि मग ओळीने एकेका मुलाला उभे करून विचारले, "व्हेन इज युवर बर्थडे?" नऊ मुलांनी महिना तरी सांगितला. चार मुले गप्प राहिली. चौथीतल्या एका मुलीने, जिला मी इथे 'पहिली मुलगी' म्हणेन, अगदी आत्मविश्वासाने उत्तर दिले, "नारळी पुनवेक." वर्ग हसला. तिला हसण्याचे कारण समजले नाही, कारण तिच्या दृष्टीने तिने प्रश्नाचे पूर्ण आणि नेमके उत्तर दिले होते.

तिच्या मागे तिसरीतला एक नेपाळी मुलगा बसला होता. त्याचे वडील एका आंब्याच्या बागेत बारमाही राखणीला आहेत. तो म्हणाला, "साउन." या वेळी वर्ग अधिक मोठ्याने हसला. मी मुलांना गप्प केले, "इंग्रजीत सांग, जुलाय की ऑगस्ट?" असे त्याला विचारले, आणि तो काहीच बोलला नाही तेव्हा पुढच्या मुलाकडे वळले. त्यानंतरचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. आला तेव्हा इतर विषयांत पूर्वीसारखाच होता, पण इंग्रजीच्या तासाला त्याने तोंड उघडणे बंद केले होते.

अडचण नेमकी कुठे होती

दुसऱ्या आठवड्यात मी थांबून वर्गाला काय येते आणि काय येत नाही याची तोंडी पाहणी केली. बारा महिने एका दमात म्हणणे जवळजवळ सगळ्यांना येत होते. मात्र "जूनच्या आधी कोणता?" असे विचारले की मुले मनात जानेवारीपासून सुरुवात करत, बोटे मोडत मे पर्यंत येत आणि पुढे जून म्हणून झाल्यावर एक पाऊल मागे सरकत. पाढ्यातला सातचौक विचारल्यावर सात एके सात पासून सुरुवात करणारे मूल जसे वागते, तसेच हे होते. नावांची साखळी पाठ होती, पण एकही कडी सुटी करून हातात घेता येत नव्हती. "ऑक्टोबरात आपल्याकडे काय चालते?" या प्रश्नाला मराठीतूनही उत्तर आले नाही, "भात कधी कापतात?" म्हटल्यावर मात्र "दसरो झाल्यार" असे सहा जण एकदम ओरडले. म्हणजे वर्षाची जाण मुलांकडे पक्की होती. ती सणांवर, पावसावर आणि होड्यांवर बसलेली होती, आणि महिन्यांची नावे तिच्यापासून सुटी पडलेली होती.

दुसरी अडचण भाषेच्या रचनेची होती. मराठीत 'ऑगस्टला' आणि '१० ऑगस्टला' या दोन्ही ठिकाणी एकच 'ला' चालतो, मालवणीत दोन्हीकडे 'क' चालतो. इंग्रजीत महिन्याला 'इन' आणि तारखेला 'ऑन' लागते. मराठीत आपण 'दहा तारीख' म्हणतो, म्हणजे साधी संख्या वापरतो; इंग्रजीत 'टेन्थ' असे क्रमवाचक रूप लागते. वयाचा घोळ याहून अवघड होता. आपल्याकडे मुलाचे वय सांगताना चालू वर्ष सांगण्याची रीत अजून जिवंत आहे. पहिली मुलगी म्हणे, "माका दहावा लागला," आणि त्याचे इंग्रजी करताना "आय ॲम टेन" असे लिही. तिला त्या वेळी नऊ वर्षे पूर्ण होऊन दहावे चालू होते, तेव्हा इंग्रजी वाक्य "आय ॲम नाइन" असे हवे होते. ही चूक इंग्रजीच्या अज्ञानातून आलेली नव्हती. तिच्या घरची वय मोजण्याची पद्धत बरोबर होती आणि ती तशीच इंग्रजीत उतरली होती, एवढेच.

तिसरी अडचण मला सर्वांत उशिरा दिसली. वाढदिवस ही सर्वांची समान मालमत्ता आहे असे मी गृहीत धरले होते. केक कापला जाणारी घरे वर्गात होती, फक्त कणकेचे दिवे लावून औक्षण होणारी घरे होती, आणि काहीच न होणारी घरेही होती. फळ्यावरच्या केकच्या चित्राने कुणाच्या घरी काय होते याची जाहीर हजेरीच घेतली गेली होती.

विचारात घेतलेले पर्याय

मुख्याध्यापकांशी बोलताना चार मार्ग पुढे आले. पहिला मार्ग म्हणजे ठरल्याप्रमाणे पुढे जाणे आणि साखळी आणखी घोटून घेणे. जोडवर्गाला वेळ कमी असतो, हे लक्षात घेता तो व्यवहार्य होता, पण ज्या गोष्टीने काम झाले नव्हते तीच जास्त करणे मला पटेना.

दुसरा मार्ग मुख्याध्यापकांनी सुचवला: जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहिलेली असते, तीच उतरवून वर्गात वाढदिवसांचा तक्ता लावावा. बहुतेक शाळांत असेच केले जाते आणि त्यात गैर काही नाही. मी रजिस्टर उघडून पाहिले. पहिल्या मुलीच्या नावापुढे १० ऑगस्ट २०१४ ही तारीख होती, जी तिला स्वतःला माहीत नव्हती. नेपाळी मुलाच्या नावापुढे १ जून होती. घरी कधीच न ऐकलेली तारीख मुलाच्या नावापुढे भिंतीवर लावणे म्हणजे त्याच्या घरची माहिती चूक असल्याचे सर्वांसमोर सांगणे झाले असते. हा मार्ग मी त्या टप्प्यावर बाजूला ठेवला, आणि तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

तिसरा मार्ग वाढदिवस पूर्णपणे वगळून सण आणि ऋतूंवरून महिने शिकवण्याचा होता. त्याने कुणाला अवघडल्यासारखे झाले नसते. मात्र स्वतःविषयीची चार वाक्ये बोलता येणे हा या वयातल्या इंग्रजीचा गाभा आहे. पुढे पाचवीत दुसऱ्या शाळेत गेल्यावर, फॉर्म भरताना, कुठेही ही वाक्ये लागणारच. केवळ माझी अडचण टाळण्यासाठी मुलांची ती वाक्ये काढून घेणे बरे नव्हते.

चौथा मार्ग आम्ही निवडला. आधी किनाऱ्याच्या वर्षावर महिने बसवायचे; मग वाढदिवसाचा केवळ महिना सांगायचा; प्रत्येक घराशी बोलणे झाल्यानंतरच तारखेकडे जायचे; आणि आपला वाढदिवस वर्गात सांगायचा की नाही हे मुलाने ठरवायचे.

अंमलबजावणी

शाळेच्या व्हरांड्यात चुन्याने मोठे वर्तुळ काढून त्याचे बारा खण केले. सुरुवात कोणत्या महिन्यापासून करावी यावर मी बराच विचार केला आणि जून निवडला, कारण मुलांचे वर्ष तिथेच सुरू होते: पाऊस येतो, शाळा उघडते, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीसाठी होड्या वर काढलेल्या असतात. बंदीच्या दोन्ही तारखा पक्क्या असल्याने मुलांनी त्या लगेच पकडल्या. जुलैत भाताची लावणी, ऑक्टोबरात कापणी, नोव्हेंबर-डिसेंबरात जत्रा आणि दशावतार, मार्चमध्ये काजू, एप्रिल-मेमध्ये हापूस, अशी चित्रे मुलांनीच काढली. ४ डिसेंबर हा नौदल दिन २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात साजरा झाला होता आणि आकाशातली विमाने मुलांनी पाहिली होती, त्यामुळे डिसेंबरच्या खणात विमान आले.

वर्तुळाचा मोठा लाभ असा की त्याला टोक नसते. मूल ऑक्टोबरच्या खणात उभे राहते आणि मी विचारते, "व्हॉट कम्स बिफोर ऑक्टोबर?" तेव्हा त्याला एक पाऊल मागे टाकायचे असते; जानेवारीपर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. तीन आठवड्यांत बोटे मोडणे जवळपास थांबले.

'इन' आणि 'ऑन' साठी मी दोन वेगळ्या जागा वापरल्या. खणाच्या आत उभे राहिले की "इन ऑगस्ट", आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका चौकोनावर बोट टेकवले की "ऑन द टेन्थ ऑफ ऑगस्ट". सुरुवातीला काही मुले खणात उभी राहूनही 'ऑन' म्हणत, कारण त्यांच्या मते ती जमिनीवर काढलेल्या चित्रावरच उभी होती, आणि त्यांचे बरोबरच होते. मग आम्ही खणांच्या कडांना सुंभ लावला. आत जाण्यासाठी तो ओलांडावा लागू लागला आणि 'आत' ही कल्पना स्पष्ट झाली.

तिथी, तारीख आणि 'चवथ'

सणांची कार्डे खणांत ठेवताना खरा पेच आला. मुलांनी घरून जुनी कॅलेंडरे आणली होती. त्यांत गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आणि २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला निघाली. "मग कार्ड खंय ठेवचा?" असा प्रश्न आला. ईदचेही तसेच: एका मुलीने ती एप्रिलमध्ये ठेवली, कारण २०२४ ची रमजान ईद ११ एप्रिलला झाली होती, पुढच्या वर्षी ती ३१ मार्चला आली आणि कार्ड खरोखरच हलले.

इथे दोन वाटा होत्या. न हलणारे दिवसच घ्यायचे, म्हणजे २६ जानेवारी, १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर. किंवा हलणारे सणही ठेवायचे आणि ते का हलतात हे सांगायचे. पहिली वाट सोपी होती. मी दुसरी घेतली, कारण पहिल्या मुलीचे "नारळी पुनवेक" हे उत्तर या हलणाऱ्या दिवसांपैकीच होते आणि त्याला वर्गात जागा मिळणे आवश्यक होते. पक्क्या दिवसांची कार्डे खणात चिकटवली आणि हलणाऱ्या सणांची कार्डे दोन खणांवर ताणलेल्या दोऱ्याला अडकवली. चंद्रावर चालणारे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि आपल्या पंचांगात ती तूट अधिक मासाने भरून काढतात, हे चौथीच्या मुलांना दोऱ्यावरची कार्डे सरकवून दाखवता आले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, म्हणून त्या वर्षी सगळे पुढे गेले होते, हे त्यांना कॅलेंडरातच सापडले. ईदचे कार्ड मात्र दरवर्षी मागेच का जाते, हे त्या मुलीने स्वतः विचारले. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, असे उत्तर दिले.

याच दरम्यान क्रमवाचक संख्यांचा रस्ता एका मुलाने मोकळा केला. मी 'फोर्थ' लिहीत असताना तो म्हणाला, "बाई, म्हणजे चवथ!" मालवणीत गणेश चतुर्थीला चवथच म्हणतात. चतुर्थी, पंचमी, नवमी, एकादशी ही सगळी क्रमवाचक नावेच आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते असे नाही, पण इंग्रजी शिकवताना त्यांचा उपयोग करावा हे सुचले नव्हते. नागपंचमी म्हणजे फिफ्थ, रामनवमी म्हणजे नाइन्थ, एकादशी म्हणजे इलेव्हन्थ. एका तासिकेत मुलांना क्रमवाचक रूप कशासाठी असते ते समजले. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली: पुढच्या चाचणीत दोन मुलांनी २०२४ ची गणेश चतुर्थी "ऑन द फोर्थ ऑफ सप्टेंबर" अशी लिहिली. तिथीची चौथ आणि तारखेची चार यांतील फरक मी त्याच तासिकेत सांगायला हवा होता. तो सांगायला एक आठवडा उशीर झाला.

सप्टेंबरबद्दल एक प्रश्न चौथीच्या एका मुलीने विचारला. संस्कृत सप्त, अष्ट, नव, दश हे शब्द तिला परवच्यातून नव्हे, तर सप्तमी, अष्टमी, नवमी, दशमी यांतून माहीत होते. "सप्टेंबरात सप्त आसा, मगे तो नववो कसो?" जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, तेव्हा सप्टेंबर सातवा येई, आपले वर्षही चैत्रात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास सुरू होते, एवढेच मी तिला सांगितले. संपूर्ण वर्गाला हे सांगितले नाही, कारण अनुक्रम नुकता बसत असताना त्याने गोंधळ वाढला असता.

आजी-आजोबांचा १ जून

घरातल्या मोठ्यांचे वाढदिवस विचारून आणा, असा गृहपाठ ऑगस्टमध्ये दिला. दुसऱ्या दिवशी जूनच्या खणात चिठ्ठ्यांचा ढीग झाला, आणि त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर १ जून होता. मुलांना तो योगायोग वाटला. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी वयाचा अंदाज करून १ जून ही तारीख लिहीत, त्यामुळे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत असंख्य लोकांची कागदावरची जन्मतारीख तीच आहे, हे मी समजावून सांगितले. एका आजींना मी वाटेत भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "तारीख कोण लिवन ठेयता, बाई? कापणीच्या दिसात झालंय, इतक्याच आये सांगा." त्यांच्या नातीने त्यांचे नाव ऑक्टोबरच्या खणात ठेवले आणि इंग्रजीत वाक्य केले, "माय ग्रँडमदर्स बर्थडे इज इन ऑक्टोबर." ते वाक्य पूर्ण बरोबर होते. कागदावरची तारीख आणि घरची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगता येतात, हे वर्गाला इथे प्रथम उमगले.

पहिल्या मुलीच्या घरचा जन्मदाखला तिच्या आईने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणून दाखवला. ग्रामपंचायतीच्या त्या दाखल्यावर १० ऑगस्ट २०१४ होते, आणि जुने पंचांग पाहिले असता त्या दिवशी नारळी पौर्णिमाच होती. घर आणि रजिस्टर दोन्ही खरे होते. २०२४ मध्ये १० ऑगस्टला शनिवार होता. त्या सकाळी तिने वर्गात सांगितले, "टुडे इज माय बर्थडे. आय ॲम टेन," आणि लगेच मराठीत जोडले की घरी ओवाळणी मात्र १९ तारखेला, पुनवेलाच होणार. "आणि आज अकरावा लागला," असेही तिने स्वतःच म्हटले. वयाचा घोळ तिच्यापुरता त्या वाक्यात सुटला होता.

साउनचा शोध

नेपाळी मुलाच्या घरी जायला मला ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडला. बाग वाडीपासून लांब आहे आणि पावसात वाट वाईट असते, ही कारणे खरी आहेत. तरीही मी आधी जायला हवे होते. त्याच्या वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला जन्मनोंदीचा कागद काढून दाखवला. त्यावर विक्रम संवतातली तारीख होती, साउन महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली. नेपाळातले महिने सूर्याच्या संक्रमणावर मोजतात. साउन जुलैच्या मध्याच्या सुमारास सुरू होतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे मुलाचा वाढदिवस जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात होता. शाळेत नाव घालताना कागदावरची तारीख कुणाला वाचता आली नव्हती आणि म्हणून १ जून लिहिली गेली होती. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे प्रवेश झाला हे योग्यच होते. नोंद मात्र तशीच राहून गेली.

त्याला वर्गात जी तारीख विचारली गेली होती ती, मी त्याच्या घरी पोहोचण्याआधी जवळजवळ महिनाभर मागे निघून गेली होती. माझ्या हातून या प्रकरणात झालेली ही सर्वांत मोठी चूक आहे.

दुसऱ्या दिवशी काय करावे, हा शेवटचा मोठा निर्णय होता. सर्वांसमोर त्याची माफी मागण्याचा विचार मनात आला, पण त्याने पुन्हा त्याच्याकडेच सगळ्यांच्या नजरा वळल्या असत्या. त्याऐवजी मी फळ्यावर दोन रांगा लिहिल्या: एका बाजूला चैत्र, वैशाख, श्रावण, कार्तिक, माघ, दुसऱ्या बाजूला त्याने सांगितलेली नेपाळी नावे चैत, बैशाख, साउन, कात्तिक, माघ. जोड्या लावा, एवढेच सांगितले. मुलांनी त्या क्षणात लावल्या. ज्या मुलाने पहिल्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसून घेतले होते, तोच म्हणाला, "साउन म्हणजे आमचो श्रावणच." तेव्हा त्या नेपाळी मुलाने दुरुस्ती केली: त्याचा साउन श्रावणाच्या आधी सुरू होतो. त्या वर्षी आमचा श्रावण ५ ऑगस्टला लागला होता, त्यामुळे त्याचे म्हणणे कॅलेंडरवर लगेच तपासता आले आणि खरे ठरले. मग तो उठून व्हरांड्यात गेला, सुंभ ओलांडून जुलैच्या खणात उभा राहिला आणि म्हणाला, "माय बर्थडे इज इन जुलाय." मी त्याला तसे करायला सांगितले नव्हते.

काय साध्य झाले

दिवाळीच्या सुटीआधी घेतलेल्या तोंडी चाचणीत सतरापैकी चौदा मुलांना कोणत्याही महिन्याच्या आधीचा आणि नंतरचा महिना न थांबता सांगता आला. आपला वाढदिवस महिन्यासह सर्वांनी सांगितला. तारखेसह सांगणारी मुले अकरा होती. बोलताना 'इन' आणि 'ऑन' बहुतेक वेळा बरोबर येऊ लागले, लिहिताना मात्र चुका राहिल्या. स्पेलिंगमध्ये मराठी उच्चाराचा पगडा सहज सुटला नाही: जानेवारीच्या स्पेलिंगमध्ये 'व्ही' हे अक्षर वर्षअखेरपर्यंत काही वह्यांत दिसत होते, आणि 'ट्वेल्फ्थ' कुणालाच नीट लिहिता आले नाही. त्याची मला फारशी चिंता वाटत नाही; तो सरावाचा भाग आहे.

नेपाळी मुलगा इंग्रजीच्या तासाला पुन्हा बोलू लागला, पण पूर्वीसारखा सर्वांत आधी हात वर करणारा तो वर्षभरात झाला नाही. त्याच्या जन्मतारखेच्या दुरुस्तीचे प्रकरण मुख्याध्यापकांनी कागदाच्या भाषांतरासह वर पाठवले आहे. हे लिहीत असताना ते अजून निकाली निघालेले नाही.

काय वेगळे करता आले असते

घटक सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घरी दोन प्रश्न विचारायला हवे होते: मुलाचा जन्मदिवस घरी कोणत्या नावाने ओळखला जातो, आणि तो वर्गात बोललेला चालेल का. सतरा घरांसाठी हे काम जूनच्या शेवटच्या दोन आठवड्यांत सहज झाले असते, आणि जुलैत जन्मलेल्या मुलाचा दिवस हातातून गेला नसता.

वर्तुळाची सुरुवात जूनपासून करण्याचा निर्णय आजही मला पटतो, पण जानेवारीच्या खणाला वेगळी खूण करायला हवी होती. "विच इज द फर्स्ट मंथ ऑफ द यिअर?" या प्रश्नाला दोन मुलांनी चाचणीत जून असे उत्तर लिहिले. मी शिकवले त्याप्रमाणे ते चूक नव्हते, तरी त्यांचे गुण गेले.

पहिल्या तासिकेला एकेका मुलाला उभे करून वैयक्तिक प्रश्न विचारण्याची पद्धत मी सोडली आहे. आता आधी मी माझे वाक्य सांगते, मग एखाद्या सर्वांना माहीत असलेल्या दिवसाचे, आणि ज्याला सांगायचे आहे त्याने खणात जायचे. केकचे चित्र काढले तर शेजारी निरांजनाचेही काढते.

जून २०२५ मध्ये नव्या तिसरीच्या पालकांकडे ते दोन प्रश्न छापील चिठ्ठीवर पाठवले. पहिल्याच दिवशी परत आलेल्या एका चिठ्ठीत तारखेच्या रकान्यात काहीच नव्हते; खाली पेन्सिलीने लिहिले होते, "शिमग्याची होळी पेटली त्या राती." ती चिठ्ठी मी फेब्रुवारी आणि मार्चच्या खणांवर ताणलेल्या दोऱ्याला अडकवली आहे, आणि त्या मुलाचा जन्मदाखला घेऊन येण्याचे त्याच्या आईने कबूल केले आहे.